धुपलेल्या वाटेवर जिम्नी: हलकेपणाचा फायदा, अरुंदपणाचा भुर्दंड

सुझुकी जिम्नीचे आकडे कागदावर वाचून कोणी भारावून जाणार नाही. १४६२ सीसीचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, ताकद शंभर पीएसच्या आसपास, टॉर्क १३० न्यूटन-मीटरच्या घरात आणि तोही ४००० आरपीएमला. पण पावसाने कुरतडलेल्या, चाकोऱ्या खोल गेलेल्या, कडा ढासळत चाललेल्या वाटेवर इंजिनाची ताकद क्वचितच कमी पडते. तिथे कस लागतो तो वेगळ्याच गोष्टींचा: गाडी किती जड आहे, किती रुंद आहे आणि तिचं पोट जमिनीपासून किती वर आहे. २०१८ साली आलेली चौथ्या पिढीची जिम्नी या बाबतीत बहुतेक फोर-बाय-फोर गाड्यांहून वेगळी पडते. त्यातला बराचसा वेगळेपणा फायद्याचा आहे, सगळा नाही.

इथे विचार केला आहे तो तीन दारांच्या जिम्नीचा आणि २०२३ मध्ये आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचा. शिडीसारखी चॅसिस, पुढे-मागे अखंड अॅक्सल (डावं-उजवं चाक एकाच आडव्या तुळईने जोडलेलं), कॉइल स्प्रिंगा आणि लो-रेंजचा, म्हणजे गाडी हळू पण जोराने नेणाऱ्या गिअरांचा, ट्रान्सफर केस दोन्हींत सारखाच. मुख्य फरक व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा: तीन दारांचा २२५० मिमी, पाच दारांचा २५९०. हे ३४० मिमी डांबरी रस्त्यावर आराम देतात आणि ओघळात त्याची वसुली करतात.

आधी वजन. पाच दारांची जिम्नी रिकामी साधारण बाराशे किलो भरते, तीन दारांची त्याहून थोडी हलकी. मोठ्या डिझेल एसयूव्ही सहज दोन टनांच्या पुढे जातात. धुपलेल्या कडेवरून जाताना हा फरक जीवावरचा ठरू शकतो. टायर जमिनीच्या पृष्ठभागावर जो दाब देतो तो ढोबळमानाने टायरमधल्या हवेइतकाच असतो, म्हणून हलकी आणि जड गाडी वरच्या मातीला सारख्याच वाटतात. पण भार जमिनीत किती खोलवर पोचतो हे चाकावरच्या एकूण वजनावर ठरतं, आणि कडा ढासळते ती खोलातून, वरून नाही. पाण्याने खालून पोखरलेली कडा वरून दिसायला शाबूत असते. तिच्यावर पाचशे किलोचं चाक आलं की ती जाते, तीनशेच्या चाकाखाली कदाचित टिकते. ‘कदाचित’ हा शब्द सोडू नका. खाली उतरून, शक्य असेल तर कडेच्या खालच्या बाजूने बघा. वाटेला समांतर भेगा दिसल्या तर चाक भेगेच्या आतल्या बाजूलाच राहिलं पाहिजे. भेगा नसल्या तरी कडेपासून निदान अर्धा मीटर आत राहावं. जिम्नीची रुंदी १६४५ मिमी आहे, त्यामुळे हा अर्धा मीटर तिच्या वाट्याला येतो. रुंद गाडीच्या चालकाला तो बऱ्याचदा मिळतच नाही.

आता याच अरुंदपणाची दुसरी बाजू, जी जिम्नीच्या कौतुकात फारशी येत नाही. तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सुमारे १४०० मिमी. वाटेवरच्या चाकोऱ्या पाडलेल्या असतात पिकअप, ट्रॅक्टर आणि मोठ्या एसयूव्हींनी, ज्यांचं हेच अंतर पंधराशे-सोळाशेच्या घरात असतं. म्हणजे जिम्नीची दोन्ही चाकं एकाच वेळी चाकोरीत नीट बसत नाहीत. एक चाक तळाला जातं, दुसरं मधल्या वरंब्याच्या उतारावर चढतं आणि गाडी कलते. तळ आणि वरंबा यांत ३०० मिमी फरक असेल तर हा कल सुमारे १२ अंशांचा होतो. वाट मुळातच एका बाजूला उतरती असेल तर तो त्यात मिळवा. गाडी एवढ्याने उलटणार नाही, पण खालच्या बाजूच्या चाकांवर भार वाढतो, वरची हलकी होतात आणि ओल्या मातीत मागचा भाग हळूच खाली सरकू लागतो.

उपाय म्हणजे चाकोरीत जायचंच नाही. एक चाक मधल्या वरंब्यावर, दुसरं बाहेरच्या काठावर, आणि चाकोरी गाडीच्या पोटाखाली. मराठीत ‘चाकोरीबाहेर’ला एरवी धाडसाचा वास आहे, इथे मात्र तोच सावध मार्ग. यासाठी दोन गोष्टी आधी पायी चालून तपासाव्या लागतात: वरंब्याचा माथा टायरपेक्षा रुंद आहे का, आणि तो घट्ट आहे की बुटाच्या टाचेखाली भुरभुरतो. मूळ टायर १९५ मिमी रुंदीचा आहे, तेव्हा माथा निदान ३०० मिमी तरी हवा. त्याहून बारीक असेल तर चाक वरून निसटून जोरात चाकोरीत आदळतं, आणि तो मार टायरच्या बाजूच्या भिंतीवर येतो. अशा वेळी सरळ चाकोरीत उतरून सावकाश निघालेलं बरं. फक्त मधला उंचवटा २१० मिमीच्या वर नको.

हे २१० मिमी म्हणजे कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स. अखंड अॅक्सलच्या गाडीत तो डिफच्या (डिफरेन्शियल, दोन्ही चाकांत ताकद वाटणारे गिअर) गोळ्याखाली मोजला जातो, आणि त्याचा एक गुण फारसा बोलला जात नाही. गाडीत माणसं आणि सामान भरलं तरी डिफखालची उंची बदलत नाही, कारण अॅक्सल चाकांना जखडलेला आहे, तो स्प्रिंगांसोबत दबत नाही. दबतं ते पोट. म्हणून भरलेली जिम्नी दगडावर डिफ आपटायचं प्रमाण वाढवत नाही, पण उंचवट्यावर पोट टेकायचं प्रमाण नक्की वाढवते. डिफ बरोबर मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेला आहे. वाटेला लागण्याआधी एकदा वाकून त्याची जागा डोळ्यांत भरून ठेवा, म्हणजे मोठा दगड दुसऱ्या बाजूने काढता येतो. मागच्या अॅक्सलपाशी शॉक अॅब्सॉर्बरची खालची पकड आणि खालच्या दांड्यांचे ब्रॅकेटही बरेच खाली लोंबतात. पुढचं चाक दगडावरून सुखरूप गेलं म्हणून मागचं जाईलच असं नाही.

पाच दारांच्या गाडीत सामानाचा मोह जास्त, जागा २०८ लिटर, आणि एकूण वजनाची मर्यादा १५४५ किलो. चार मोठी माणसं बसली की उरतं ते जेमतेम पन्नास किलो. छतावर कॅरिअर, त्यावर जेरीकॅन आणि तंबू चढवलेल्या जिम्नी फोटोत छान दिसतात. कललेल्या वाटेवर तेच पन्नास-साठ किलो सर्वांत चुकीच्या उंचीवर बसलेले असतात. जड वस्तू मागच्या सीटच्या पाठीला टेकवून खाली, छत रिकामं.

आडव्या ओघळाकडे येऊ, कारण दोन मॉडेलांमधला खरा फरक तिथे उघडा पडतो. वाटेला आडवं पाणी वाहून पडलेली घळ, समजा अर्धा मीटर खोल आणि दीड मीटर रुंद. बंपर किंवा पोट न टेकता गाडी किती तीव्र चढ, उंचवटा आणि उतार पार करू शकते ते तिचे कोन सांगतात. तीन दारांच्या गाडीचे कोन असे: पुढचा ३७, मधला २८, मागचा ४९ अंश. पाच दारांच्या गाडीत ३६, २४ आणि ४७. पुढचे-मागचे कोन दोन्हींत भरपूर आहेत, बंपर सहसा लागत नाही. फरक मधल्या कोनाचा. घळीतून बाहेर पडताना पुढची चाकं काठावर चढतात, मागची अजून तळाला असतात आणि काठाचा कोपरा गाडीच्या पोटाखाली येतो. तीन दारांची गाडी जिथे चाटून निघते, तिथे पाच दारांची त्या कोपऱ्यावर बसते.

पोट टेकू नये म्हणून घळ तिरकी ओलांडतात, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांत, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली उतरतं. त्याने मधल्या कोनाचा प्रश्न सुटतो आणि नवा उभा राहतो: समोरासमोरची दोन कोपऱ्यांतली चाकं, पुढचं डावं आणि मागचं उजवं, जवळजवळ अधांतरी होतात. जिम्नीला कारखान्यातून डिफ-लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं कुलूप, मिळत नाही. त्याऐवजी फोर-एलमध्ये (चारही चाकांना ताकद, लो-रेंज) ब्रेक-एलएसडी ही यंत्रणा काम करते: मोकळं फिरणारं चाक ब्रेकने धरून ताकद त्याच अॅक्सलच्या दुसऱ्या चाकाकडे ढकलते. यंत्रणा चांगली आहे, पण तिला आधी चाक फिरलेलं दिसावं लागतं. इथेच नवखे चालक फसतात. चाक फिरताना ऐकू आलं की पाय आपसूक अॅक्सिलरेटरवरून उठतो, यंत्रणा काम सुरू करण्याआधीच थांबते आणि गाडी जागच्या जागी. पाय स्थिर ठेवायचा, दीड ते दोन हजार आरपीएमवर, एक-दोन सेकंद. खडखड, टकटक असा आवाज येतो, तो ब्रेकचा आहे, काही तुटल्याचा नाही. दोन-तीन सेकंदांत हालचाल झाली नाही तर मात्र थांबा, मागे या आणि अधांतरी चाकाखाली दगड रचा. नुसतं फिरवत राहिलं तर घळ खोल होते, आणि ब्रेक तापले की यंत्रणा स्वतःला बंद करून घेते.

पाच दारांच्या गाडीने घळ अधिक तिरकी घ्यावी, तीन दारांच्या गाडीने जास्त सरळ. एकामागोमाग जाणाऱ्या ताफ्यात पुढच्याची रेषा डोळे मिटून घेऊ नये ती यासाठीच.

गिअरिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण जिम्नीवरची सर्वांत रास्त टीका हीच आहे. लो-रेंजचं गुणोत्तर फक्त २ च्या आसपास आहे. मॅन्युअलमध्ये पहिला गिअर ४.४२५, शेवटचं गुणोत्तर ४.०९. सगळं गुणलं की सुमारे ३६ येतं, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या ३६ फेऱ्या. पाच गतींऐवजी चार गतींच्या ऑटोमॅटिकमध्ये हाच आकडा २५ च्या जवळ जातो. तुलनेसाठी, मॅन्युअल रँग्लर रुबिकॉनमध्ये तो ८४ आहे. अर्थ सोपा करून सांगायचा तर फोर-एलच्या पहिल्या गिअरमध्ये, पाय काढून, ७५० आरपीएमवर जिम्नी ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास चालते. रुबिकॉन साधारण त्याच्या निम्म्या वेगाने. पायऱ्यांसारख्या धुपलेल्या चढावर पावणेतीनही कधी कधी जास्त वाटतं: चाक पायरीला धडकतं, इंजिनात खालच्या आरपीएमला जोर नसतो, गाडी बंद पडते. मॅन्युअल घेणाऱ्याला थोडा क्लच द्यावाच लागतो, आणि क्लच जळाल्याचा वास त्यातूनच येतो. चाक पायरीला टेकेपर्यंत हळू, टेकल्यावर आरपीएम १५०० पर्यंत वाढवून क्लच पूर्ण सोडा, चाक वर आलं की लगेच पाय हलका करा. अर्धा दाबलेला क्लच दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकता कामा नये.

ऑटोमॅटिकचा आकडा लहान असला तरी टॉर्क कन्व्हर्टर ती उणीव चढावर बरीच भरून काढतो. पायरीवर ती गाडी मॅन्युअलपेक्षा शांतपणे चढते. उतारावर चित्र उलटं. ऑटोमॅटिकला इंजिन फारसं धरत नाही. उतारासाठी दिलेली हिल डिसेंट कंट्रोल यंत्रणा फोर-एलमध्ये ताशी ५ किमीच्या आसपास वेग राखते. साध्या मुरमाड उतारावर ठीक, पण ओघळांच्या पायऱ्यांवर ५ म्हणजे दुप्पट वेगवान, आणि सुट्या खडीवर तिच्या ब्रेकच्या धक्क्यांनी चाकं घसरतात. मॅन्युअल पहिल्या गिअरमध्ये, पाय दोन्ही पेडलांवरून बाजूला, हा उतारावरचा जिम्नीचा सर्वांत चांगला अवतार. धुपलेल्या वाटेवरच जायचं असेल तर आमचं मत मॅन्युअलच्या बाजूने, आणि ते चढामुळे नव्हे तर उतारामुळे.

चढावर मध्येच बंद पडली तर वळवायचा विचारही मनात आणू नये. उतारावर आडवी झालेली अरुंद गाडी ही उलटण्याची पहिली पायरी. पायाचा ब्रेक घट्ट, क्लच दाबून इंजिन सुरू, रिव्हर्स, क्लच पूर्ण सोडून मग ब्रेक सावकाश ढिला, आणि सरळ रेषेत इंजिनाच्या धाकात खाली. न्यूट्रलमध्ये मागे आलं तर चढाच्या बाजूच्या, हलक्या झालेल्या पुढच्या चाकांवर ब्रेकचा काबू पुरत नाही आणि पुढचा भाग बाजूला फिरतो.

टायर. मूळ १९५/८० आर १५ हायवेचे आहेत आणि धुपलेल्या वाटेसाठी बदलायची पहिली वस्तू तीच. बदलताना गैरसमज नको: २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास जेमतेम १० मिमीने वाढतो, म्हणजे डिफखाली ५ मिमी. त्याचा फायदा उंचीत नाही, खोल खाचांत आणि जाड बाजूभिंतीत आहे. २३५/७५ आर १५ मध्ये डिफखाली २० मिमी मिळतात, पण गाडी उचलल्याशिवाय तो पूर्ण वळणावर आणि स्प्रिंग दबल्यावर घासतो, आणि गिअरिंग जवळजवळ सहा टक्क्यांनी लांब होतं. म्हणजे ३६ चे ३४. आधीच तोकड्या लो-रेंजमधून हे कापून द्यायचं का, याचा विचार टायरचा फोटो बघण्याआधी करावा. आमच्या मते २१५ पुरे.

हवा कमी करण्यात जिम्नीला तिचं वजन पुन्हा कामी येतं. टणक, टोकदार दगडांवर १८ ते २० पीएसआय, ओल्या मातीत १५-१६. दगडांत १८ च्या खाली जाऊ नका. बाजूची भिंत फुगून बाहेर येते आणि चाकोरीच्या काठावरचे दगड नेमके तिलाच फाडतात. वाट संपली की हवा भरूनच वेग घ्यायचा. कंप्रेसर बॅटरीला थेट जोडणारा घ्या. डॅशबोर्डवरच्या सॉकेटला लावला तर मोठा कंप्रेसर फ्यूज उडवतो.

स्प्रिंगा बदलून गाडी ४०-५० मिमी उचलणं पाच दारांच्या गाडीला जास्त उपयोगी, कारण तिला मधला कोन हवा आहे. पण पुढचे रेडियस आर्म (अॅक्सल चॅसिसला जोडणाऱ्या दांड्या) तसेच ठेवून उचललं की कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागचा कल, कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग हलकं, भरकटल्यासारखं वाटू लागतं. अॅक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या पॅनहार्ड रॉडमुळे उचलल्यावर अॅक्सलही थोडा एका बाजूला सरकतो. कॅस्टर सुधारणाऱ्या बुश आणि कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड त्याच कामात बसवून घ्या. स्टिअरिंगची थरथर हा जिम्नीचा जुना आजार आहे, ठरावीक वेगाला सुरू होते आणि धरवत नाही. कारण बहुतेकदा यांतलं एखादं: रिममध्ये वाळलेला चिखल, बिघडलेला व्हील बॅलन्स, ढिल्या पॅनहार्ड बुश किंवा पुढचं चाक ज्यावर वळतं ते किंगपिन बेअरिंग. म्हणून आधी चाकं आतून धुवा, मग खर्च करा.

ओढून काढायची वेळ आली तर हलक्या गाडीसाठी हलका दोर. गाडी सामानासह दीड टनाची, तर ताणला जाणारा कायनेटिक दोर चार-पाच टन तुटभाराचा पुरतो. मोठ्या गाड्यांचा दहा-बारा टनी दोर जिम्नीच्या वजनाने ताणलाच जात नाही, मग तो दोर न राहता साखळी होते आणि झटका थेट हुकावर जातो. टो-बॉलला दोर कधीही अडकवायचा नाही. तो तुटला तर गोळी होऊन उडतो. घळीत अडकलेल्या जिम्नीला तसंही दोराआधी फावडं आणि ट्रॅक्शन बोर्ड पुरतात. पोटाखालची माती काढणं हे निम्मं काम.

पाऊस थांबल्या-थांबल्या वाटेवर जाणं टाळावं, आणि कारण निव्वळ घसरण्याचं नाही. ओल्या मातीत फिरणारं चाक चाकोरी खणतं, पुढच्या पावसाचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि ओघळाची घळ होते. वाटेवर पाणी बाजूला काढण्यासाठी आडवे बांध घातलेले असतील तर त्यांच्या टोकाला वळसा घालून जाऊ नका. टोक फुटलं की पाणी पुन्हा वाटेवर येतं. जिम्नी हलकी असल्याने कमी खणते, पण चाक फिरवत बसली तर तीही खणतेच. सुरुवातीच्या वीस-तीस मीटरमध्ये टायरचा ठसा दोन इंचांहून खोल उमटत असेल तर तिथूनच मागे फिरावं.

शेवटी एक तपासणी, जी वाटेच्या आधी करायची असते आणि बहुतेक जण नंतर करतात. पुढच्या चाकांना अॅक्सलशी जोडणारे हब जिम्नीत व्हॅक्युमने लागतात, आणि त्या नळ्या किंवा सील गळू लागले की लिव्हर फोर-व्हील दाखवत असतानाही पुढची चाकं ओढत नाहीत. डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा लुकलुकत राहिला तर पहिला संशय तिथेच घ्यावा. सुट्या मातीच्या सपाट जागी थांबा, न्यूट्रल किंवा क्लच दाबून फोर-एल लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश फिरा. पुढच्या-मागच्या अॅक्सलांमध्ये डिफ नसल्यामुळे गाडी आखडली पाहिजे, पुढची चाकं माती खरवडत फिरली पाहिजेत. सहज वळली तर पुढचं अॅक्सल जोडलेलं नाही. मग आतल्या बाजूने नकलच्या (पुढच्या चाकामागचा वळणारा सांधा) गोळ्यावर ग्रीसचा ओला थर आहे का बघा, व्हॅक्युमच्या नळ्या दगडाने फाटल्या आहेत का बघा. हीच फेरी डांबरावर मारू नका, तिथे तीच आखड गिअरांवर जाते.